चौथ्या मात्रेला थांबा

केळझरला भजन असो की कव्वाली, आठ मात्रांचा केरवा कानात बसलेला. पुण्यात भाचीच्या सालसाच्या वर्गात गेलो, तर तिथंही मोजणी आठाचीच! पावलं पडतात एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चारला नि आठला विसावा. नवखा नेमका तिथंच धावतो. (आम्हा कवींनाही यती जडच जातो.)

क्यूबातल्या 'सोन'मधून निघून १९६०-७०च्या दशकांत न्यूयॉर्कला घडलेला हा प्रकार. आठ मोजण्यांत पाच टोले देणारा 'क्लावे' म्हणजे टिपऱ्यांसारखी दोन लाकडं.

परक्याचा हात धरायचा, म्हणून बहीण धास्तावली होती. पण इथं हात फक्त सुचवतो. ओढलं की तोल जातो. नाचाच्या रात्री कुणी नकार दिला, तर हसून बाजूला व्हायचं. हे पाहून बहिणीनं चपला काढल्या, लेकीचा हात धरला. चारला मात्र थांबली नाही.