किनारा एक, शिक्के अनेक

नकाशावर ही सहल अगदी सोपी दिसते. इटलीतल्या ट्रिएस्टेहून निघायचं, एड्रियाटिक समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दक्षिणेकडे जात राहायचं. अल्बानियातलं सारांदा येईपर्यंत साधारण १२०० ते १३०० किलोमीटर, म्हणजे पुणे ते दिल्लीपेक्षाही कमी. वाटेत स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, मॉन्टेनिग्रो आणि शेवटी तासाभरावर ग्रीस. सात देश. ‘चार दिवसांत सहज होईल,’ असं ग्रुपमधलं कोणीतरी म्हणतंच. होत नाही. या किनाऱ्यावर किलोमीटर मोजून काही कळत नाही, सीमा मोजाव्या लागतात. अंतर गाडी कापते, सीमा कागद कापतात. म्हणून हॉटेलं बघण्याआधी कागदांपासून सुरुवात करावी.

भारतीय पासपोर्टवर पहिला कागद शेंगेन व्हिसाचा. इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि ग्रीस हे चार देश त्यात येतात. बोस्निया, मॉन्टेनिग्रो, अल्बानिया येत नाहीत. अर्ज कुठे करायचा, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. या मार्गावर तो बहुधा क्रोएशियाच असतो, विमान इटलीत उतरत असलं तरी. फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोची वेगळीच आहे. व्हिसावर ‘प्रवेश किती’ असा एक छोटा रकाना असतो. त्यात एकच प्रवेश मिळाला आणि तुम्ही दुब्रोव्हनिकहून मॉन्टेनिग्रोत गेलात, की शेंगेन संपलं. पुढे ग्रीसमध्ये उतरता येत नाही, मागे क्रोएशियातही शिरता येत नाही.

म्हणून ‘मल्टिपल एन्ट्री’ मागायचीच आणि अर्जासोबतच्या कार्यक्रमपत्रिकेत बाहेर पडण्याचे आणि परत येण्याचे दिवस स्पष्ट लिहायचे. या व्हिसाचा दुसरा फायदा असा, की तो वैध असेल तर शेंगेनबाहेरचे हे तिन्ही देश भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय आत घेतात: मॉन्टेनिग्रो आणि बोस्निया ३० दिवसांपर्यंत, अल्बानिया ९० दिवसांपर्यंत. अल्बानियाची अट एवढीच, की तो व्हिसा शेंगेन देशात आधी एकदा तरी वापरलेला हवा. ट्रिएस्टेपासून निघालात तर ती आपोआप पुरी होते, उलट्या दिशेनं थेट तिराना विमानतळावर उतरलात तर अडकायला होतं. असे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकिटं काढण्याच्या आठवड्यात त्या त्या दूतावासाचं पान पुन्हा एकदा वाचावं.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचं आणखी एक कारण आहे. युरोपात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. दक्षिणेकडे जाताना समुद्राच्या कडेची लेन आपली असते. मनात आलं की समोरची रहदारी न कापता थांबता येतं. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे समुद्र खरा भोगतो तो शेजारी बसलेला. चालकाला वळणं मिळतात. हा हिशोब निघण्याआधीच घरात मिटवून टाकावा.

ट्रिएस्टेत एक दिवस पुरतो, पण घाई करू नये. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचं हे बंदर. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कोणाचं यावर भांडण झालं आणि १९४७ ते १९५४ हा भाग कोणत्याच देशाचा नव्हता. तिथून स्लोव्हेनियात शिरलात, की त्यांचा सगळा समुद्रकिनारा जेमतेम ४७ किलोमीटरचा. एवढ्यात पिरान नावाचं देखणं गाव आणि त्याच्या खाली सेचोव्हल्येची मिठागरं. भांडुप किंवा उरणच्या बाजूला मिठागरं पाहिलेल्याला ती चौकटींची जमीन ओळखीची वाटेल, पण इथे एक युक्ती निराळी आहे. वाफ्याच्या तळाशी शेवाळ आणि खनिजांचा एक पातळ थर जाणूनबुजून वाढवतात, ‘पेतोला’ म्हणतात त्याला. त्यामुळे मीठ चिखलाला चिकटत नाही, पांढरंशुभ्र निघतं. पुढे क्रोएशियात पाग बेटावर, मग स्टोनला, मग मॉन्टेनिग्रोतल्या उल्त्सिन्यला मिठागरं पुन्हा भेटतात. उल्त्सिन्यमध्ये आता मीठ निघत नाही, तिथे फ्लेमिंगो उतरतात. ठाण्याच्या खाडीवर ते बघायला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सहलीला एखादा धागा हवाच असेल, तर मिठाचा घ्यावा. या किनाऱ्यावरच्या बऱ्याच भांडणांच्या मुळाशी मीठ होतं.

क्रोएशियातला किनारी रस्ता म्हणजे यादरान्स्का मागिस्त्राला, हल्लीच्या भाषेत डी-८, सुमारे ६४० किलोमीटर. टिटोच्या युगोस्लाव्हियात तो टप्प्याटप्प्यानं बांधला गेला आणि १९६०च्या दशकात पुरा झाला. त्याआधी इथली बरीच गावं जगाशी जोडलेली होती ती आगबोटीनं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रत्नागिरीला गेलेली एक पिढी आपल्याकडेही आहे. तिला हा रस्ता आल्याचा अर्थ लगेच समजेल. रस्ता दुपदरी आहे, गावात ताशी ५० ची मर्यादा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. सरासरी ५० च्या वर जात नाही. घाई असेल तर डोंगरामागून ए-१ हा टोलचा मोटरवे आहे. माझं मत असं, की रियेका ते झादर किनाऱ्यानं जावं आणि झादर ते स्प्लिट खुशाल मोटरवेनं.

रियेकाच्या खाली सेन्य नावाचं गाव लागतं. डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा इथला थंड वारा म्हणजे ‘बुरा’. इटलीत त्यालाच बोरा म्हणतात. ‘बुरा’ हे नाव आपल्या कानाला फारच चपखल वाटतं! तिथे एक म्हण आहे: बुरा सेन्यमध्ये जन्मतो, रियेकात लग्न करतो आणि ट्रिएस्टेत मरतो. हिवाळ्यात तो सुटला की रस्ते आणि पूल आधी उंच गाड्यांना, मग सगळ्यांनाच बंद होतात. पुढे लागणाऱ्या पाग बेटाची डोंगराकडची बाजू बघा, गवताची काडी नाही. वाऱ्यानं उडालेलं खारं पाणी काही उगवू देत नाही. बेटावरच्या मेंढ्या जो खारट झाडपाला खातात, त्याची चव तिथल्या चीजमध्ये उतरते आणि ते महागात विकलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपभरची गर्दी आणि हिवाळ्यात बुरा, हे दोन्ही टाळायचं तर सप्टेंबर. पाणी तेव्हा उबदार असतं आणि महिनाअखेरीस आपल्याकडे गणपतीही उरकलेले असतात, निदान बहुतेक वर्षी.

आता निऊम. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाताना क्रोएशिया मध्येच तुटतो. वीसेक किलोमीटरचा किनारा बोस्नियाचा आहे. बोस्नियाला समुद्र मिळतो तो एवढाच. हे कोणी केलं? दुब्रोव्हनिकनंच. तेव्हा ते रागुसा नावाचं छोटं, श्रीमंत, व्यापारी प्रजासत्ताक होतं आणि त्याला तुर्कांपेक्षा व्हेनिसची भीती जास्त होती. १६९९च्या कार्लोवित्सच्या तहाच्या वेळी त्यांनी आपल्या दोन्ही टोकांची एकेक पट्टी तुर्कांना देऊन टाकली. हेतू हा, की व्हेनिसला जमिनीवरून यायचं तर आधी तुर्कांच्या अंगावरून यावं लागेल. शेजाऱ्याला अडवण्यासाठी त्याहून दांडगा शेजारी मध्ये बसवायचा! व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडालं, रागुसा १८०८ मध्ये, तुर्की साम्राज्यही गेलं. उत्तरेकडची ती पट्टी मात्र राहिली आणि १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटल्यावर ती खरीखुरी आंतरराष्ट्रीय सीमा झाली. क्रोएशियातून क्रोएशियात जाताना लोक दोनदा पासपोर्ट दाखवू लागले.

आपल्याला हे अगदीच नवं नाही. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सावंतवाडीहून कारवारकडे किनाऱ्यानं जायचं म्हणजे मध्ये पोर्तुगाल लागायचा. आणि रागुसाच्या व्यापाऱ्यांचे धागे गोव्यापर्यंत पोचल्याचं परंपरा सांगते. जुन्या गोव्याहून कुंभारजुव्याकडे जाताना सांव ब्राझचं चर्च आहे. हाच संत दुब्रोव्हनिकचा रक्षक. एड्रियाटिकवरून परतल्यावर त्या चर्चला एक चक्कर मारायला हरकत नाही.

२६ जुलै २०२२ ला पेल्येशाट्सचा पूल खुला झाला. लांबी २,४०४ मीटर, बांधणारी कंपनी चिनी, पैशांचा मोठा वाटा युरोपियन युनियनचा. पूल निऊमच्या समोरून समुद्रावरून जातो आणि बोस्नियाला वळसा घालतो. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशियानं एकाच दिवशी युरोही घेतला आणि शेंगेनमध्येही शिरला. त्यामुळे ट्रिएस्टे ते दुब्रोव्हनिक हा प्रवास आज क्वचित होणारी तपासणी सोडली तर पासपोर्ट न काढता होतो. पुलावर टोल नाही. पुलाजवळच स्टोन आहे: मिठागरं आणि त्यांच्या राखणीसाठी रागुसानं डोंगरावर बांधलेली साडेपाच किलोमीटरची तटबंदी. मिठासाठी एवढी भिंत!

दुब्रोव्हनिकबद्दल इथे लिहीत नाही, त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा, एवढंच.

गाडीचं गणित मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. गाडी ट्रिएस्टेत घेऊन सारांदात सोडू, हा विचार सोडून द्यावा. एका देशाची नंबरप्लेट असलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली, तर ती परत आणण्याचा खर्च तुमच्यावर पडतो, आणि तो कधीकधी भाड्याहून जास्त असतो. बऱ्याच कंपन्या अल्बानियाला नकारच देतात. म्हणून सहलीचे दोन तुकडे करावेत. पहिला ट्रिएस्टेपासून: गाडी इटलीत किंवा स्लोव्हेनियात घ्यायची, किनाऱ्यानं उतरायचं, मोटरवेनं परत जायचं. दुसरा दुब्रोव्हनिकपासून: कोटोर, अल्बानिया, आणि परतताना आतल्या डोंगराळ वाटेनं पुन्हा दुब्रोव्हनिक. मधला टप्पा बसनं. समुद्र आवडत असेल तर मॉन्टेनिग्रोतल्या बार किंवा अल्बानियातल्या दुर्रेसहून रात्रीच्या बोटीनं इटलीत बारीला जाता येतं, मात्र भाड्याची गाडी बोटीत चढवायलाही परवानगी लागते.

सीमा ओलांडण्याची लेखी परवानगी, त्यावर प्रत्येक देशाचं नाव आणि ‘ग्रीन कार्ड’ नावाचं विम्याचं प्रमाणपत्र, हे आरक्षणाच्या वेळीच मागावं. काउंटरवर उभं राहून नाही. नाव हिरवं असलं तरी हल्ली ते पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं, त्यामुळे हिरवा कागद शोधत बसू नये. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुतेक विम्यांतून वगळलेला असतो, आणि डोंगरी रस्त्यावर मार बसतो तो नेमका तिथेच. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवाना सोबत हवाच. स्लोव्हेनियाच्या मोटरवेवर नाका नसतो, आधी ऑनलाइन ‘विन्येटा’ घ्यावी लागते. ट्रिएस्टेहून निघालेले पुष्कळ लोक पहिला दंड भरतात तो इथे.

मॉन्टेनिग्रोच्या सीमेवर उन्हाळ्यात दोन-दोन तास जातात, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं सुरू झाल्यापासून वेळेचा भरवसा आणखी कमी झाला आहे. भल्या पहाटे निघावं. मॉन्टेनिग्रो युरोपियन युनियनमध्ये नाही, तरी चलन युरोच, त्यांनी आपलं आपण घेतलेलं. मोबाइलचं मात्र तसं नाही. युनियनचं सिम सीमा ओलांडताच महाग होतं.

कोटोरच्या उपसागरात रस्ता तीस-पस्तीस किलोमीटर आत वळसा घालून येतो. कामेनारी ते लेपेताने अशी गाड्यांची फेरीबोट आहे, काही मिनिटांत पलीकडे. दाभोळहून धोपाव्याला जेट्टीवर गाडी चढवलेल्या माणसाला ती रांग, ते उलटं लावणं, चढताना वाजणारा पत्रा, काहीच परकं वाटणार नाही. तरीही जाताना वळशानं जावं, पेरास्त गाव बघावं, आणि बोट परतीसाठी ठेवावी.

अल्बानियात नियम बदलतात ते कागदावरचे नव्हे, रस्त्यावरचे. साम्यवादी राजवटीत इथे खासगी गाडी बाळगायला बंदी होती. १९९१ नंतर अख्ख्या देशानं एकदम गाडी चालवायला घेतली. आपल्या शहरांत शिकलेल्या चालकाला तिथे इतर पर्यटकांपेक्षा कमी घाबरायला होईल असा माझा कयास आहे, पण म्हणून उद्धटपणा नको. चलन लेक, तिथेच घ्यावं आणि तिथेच संपवावं. शाकाहाऱ्यांनी ‘ब्युरेक’ मागावं, चीज किंवा पालक भरलेलं मिळतं. बोस्नियात मात्र बुरेक म्हणजे मांसाचंच, चीजवाल्याला सिर्नित्सा म्हणायचं.

व्ल्योरानंतर रस्ता हजार मीटरवर, लोगारा खिंडीत चढतो. २०२४ मध्ये खालून सहा किलोमीटरचा बोगदा झाला आणि ट्रकांनी घाट सोडला, म्हणून आता घाट आपला. माथ्यावरून समुद्र एकदम पायाखाली येतो. तिथे दिसणाऱ्या पालासाच्या किनाऱ्यावर इसवी सन पूर्व ४८ मध्ये सीझर सैन्यासह उतरला होता, व्हिसाशिवाय. पुढे सारांदा. समोर कोर्फू दिसतं, बोटीनं तासाच्या आत ग्रीस, आणि तिथे तुमच्या व्हिसावरचा तो छोटा रकाना पुन्हा कोणीतरी तपासतो.

मी असतो तर बोट सोडून जमिनीनं गेलो असतो. बुत्रिंतच्या प्राचीन अवशेषांपाशी एक कालवा आडवा येतो. पूल नाही. लाकडी फळ्यांचा एक तराफा दोरखंडावर ओढला जातो, एका वेळी थोड्याच गाड्या. पाणी ओलांडायला मिनिटं लागतात, रांगेला कधी अर्धा तास. चालवणारा पासपोर्ट विचारत नाही, सुटे लेक आहेत का तेवढं विचारतो.