मोडलेल्या घोट्यातील धातू

आवणीच्या दिवसांत डहाणू तालुक्यातील रानशेतसारख्या गावी भातखाचरांचे बांध निसरडे होतात. पाय मुरडतो, घोट्याचे हाड मोडते. तुकडे जागचे सरकले असतील, तर शस्त्रक्रिया करून पट्टी व स्क्रू बसवावे लागतात. मग घरच्यांपुढे प्रश्न पडतो : स्टील की टायटॅनियम?

शरीरातील द्रव खारट. साधे लोखंड त्यात गंजते. शस्त्रक्रियेच्या स्टीलमध्ये मात्र सुमारे १७ ते १९ टक्के क्रोमियम असते. त्याच्यामुळे अतिशय पातळ थर पृष्ठभागावर धरतो आणि गंज थोपवतो. जोडीला निकेल व थोडे मॉलिब्डेनम असते. टायटॅनियमही असाच थर धरते. ते वजनाला हलके, स्टीलपेक्षा जवळजवळ निम्मे ताठ, म्हणजे हाडाच्या लवचिकतेला अधिक जवळचे. निकेल न सोसणाऱ्यास ते सोयीचे, पण महाग. घोट्याच्या नेहमीच्या मोडीला बहुधा स्टील पुरते. तेव्हा टायटॅनियमसाठी कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना ‘त्यावाचून अडेल काय?’ असे जरूर विचारावे.

कारण धातू हाड सांधीत नाही. तो तुकडे नुसते धरून ठेवतो. सांधण्याचे काम शरीराचे, आणि त्याला काही आठवडे लागतात. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते. न सांधलेल्या हाडावर चालत राहिले, तर पट्टीचीही तीच गत होते. रोजावर जगणाऱ्याला घरी बसणे जड जाते, हे खरे. पण डॉक्टरांनी सांगेपर्यंत पायावर भार न टाकणे, हाच या उपचाराचा अर्धा भाग आहे.