मांजराच्या सुईला किती पैसे पडतात?

आपल्या वस्तीवर गाईम्हशींना लाळ-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर येतात हे तुम्हांला माहीतच आहे. ती लस सरकार फुकट देते. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, त्यावर १२ आकडे असतात. पण मांजरालाही लस असते हे पुष्कळांना माहीत नाही. मी घरी सांगितले तर आजी म्हणाली, "मांजराला कसली आलीय सुई! उंदीर खाऊन जगणारी जात ती." म्हणून ही लस कशासाठी असते, कुठे मिळते आणि कुठे स्वस्त पडते ते मी लिहीत आहे. भाव मी आजीबरोबर बाजारच्या दिवशी तालुक्याला जाऊन विचारले. ते आपल्या तालुक्याचे आहेत, दुसरीकडे वेगळे असतील.

मांजराच्या मुख्य लशी दोन. एक रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची. दुसरी तीन रोगांची मिळून एकच असते. त्या तीनपैकी एका रोगात मांजराला उलट्या व जुलाब होतात आणि लहान पिल्ले पटापट मरतात. बाकीच्या दोन रोगांत शिंका येतात, नाक गळते, डोळे चिकटतात. हे तिन्ही रोग मांजराचे मांजरालाच होतात, माणसाला होत नाहीत. रेबीज मात्र माणसाला होतो. पिसाळलेले कुत्रे मांजराला चावले की मांजर पिसाळते, आणि ते आपल्याला चावले की रोगाचे विषाणू लाळेतून आपल्या अंगात जातात. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की मग औषध नाही. माणूस जातोच. म्हणून पैसे एकाच लशीपुरते असतील तर रेबीजची आधी द्यावी असे मला वाटते.

रेबीजची लस प्रथम लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली माणसाला टोचली. जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला पिसाळलेले कुत्रे चावले होते. तो ९ वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. तो वाचला. पुढे आपल्याकडे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस बरीच वर्षे देत असत. ती पोटात टोचायचे आणि चौदा चौदा सुया घ्याव्या लागायच्या. २००४ नंतर ती बंद झाली. हे मी वाचून दाखवले तेव्हा आजी एकदम गप्प झाली. तिच्या थोरल्या भावाला लहानपणी तशा चौदा सुया घ्याव्या लागल्या होत्या. तो दवाखान्याचं नाव काढलं की कडब्याच्या गंजीमागं लपायचा, म्हणे. त्या दिवसापासून आजी सुईच्या बाजूची झाली.

आता पैशाचे. तीन रोगांच्या लशीला खाजगी डॉक्टरांकडे एका वेळेला ९०० रुपये सांगितले. पिल्लू दोन महिन्यांचे झाले की पहिली सुई, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरी. म्हणजे पहिल्या वर्षी १८०० रुपये. आमच्या डेअरीत गाईच्या दुधाला लिटरला ३६ रुपये मिळतात. १८०० भागिले ३६ केले तर ५० लिटर दूध होते. बाबा म्हणाले, "एवढं दूध घातलं तर गावातली सगळी मांजरं धष्टपुष्ट होतील." ही लस आमच्या घरी तरी जमणार नाही.

रेबीजची सुई मांजर तीन महिन्यांचे झाले की देतात आणि पुढे दर वर्षी द्यायला डॉक्टरांनी सांगितले. खाजगी डॉक्टर तिचे ३५० घेतात, त्यात सुई टोचणे आले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचणावळीची लहानशी पावती फाडतात. पण आम्ही गेलो त्या दिवशी तिथे लस शिल्लक नव्हती, ती मेडिकलमधून आणायला सांगितली. मेडिकलमध्ये एका मांजरापुरती कुपी १८० रुपयांना आहे. म्हणजे तीही ५ लिटर दुधाची झाली.

पण खरी गंमत पुढेच आहे. कुपीवर जो भाव असतो तेवढाच खर्च नसतो. आपल्या गावाहून तालुक्याला एस.टी.चे पूर्ण तिकीट ३० रुपये. माझे अर्धे, १५. आईचेही अर्धे, कारण २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे. जाऊन-येऊन दोघांचे ६० झाले. शिवाय आईचा खुरपणीचा रोज बुडतो, ते ३०० रुपये. तेव्हा १८० ची सुई आईबरोबर गेले तर ५४० ला पडते! बाबांबरोबर गेले तर आणखी जास्त, कारण त्यांचे तिकीट पूर्ण आणि रोजही मोठा. पण आमची आजी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. म्हणजे फक्त माझेच ३० रुपये, आणि आजीचा रोज बुडत नाही. तीच सुई २१० ला पडली. आजी आता सगळ्यांना सांगते की घरात सगळ्यात स्वस्त माणूस मीच आहे.

मेडिकलमधली कुपी खिशात टाकून आणायची नाही. लस २ ते ८ अंश थंडीत ठेवावी लागते. ऊन लागले तर ती निकामी होते, आणि गोठली तरी निकामी होते, म्हणून फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवू नये. बर्फ घातलेल्या थर्मासमधून लगेच दवाखान्यात न्यावी. मांजराला कोंबड्यांच्या डालग्यात घालून वर फडके बांधले तर ते सुटत नाही. ताप किंवा जुलाब असेल तर त्या दिवशी सुई देत नाहीत. सुई दिल्यावर कार्डावर तारीख लिहून घ्यावी. नाहीतर पुढच्या वर्षी कधी द्यायची ते कुणालाच आठवत नाही.

गुरुजींनी तिसरी एक युक्ती सांगितली. रेबीजच्या लशीची मोठी बाटलीही मिळते. तिच्यात दहा जनावरांची लस असते आणि ती १००० रुपयांना आहे. हीच लस कुत्र्यालाही चालते. दहा जनावरे मिळाली तर एकाला १०० रुपयेच पडतात आणि एस.टी.ही नको, कारण डॉक्टर गाईम्हशींच्या लशीला येतात तेव्हाच टोचतो म्हणाले. पण बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, उरलेली लस ठेवता येत नाही. म्हणून जनावरे कमी आली तर भाव वाढतो. आठ आली तर १२५. सहा आली तर १६६ रुपये ६७ पैसे. पाच आली तर २००, म्हणजे आजीबरोबर जाण्यापेक्षा जेमतेम १० रुपये कमी. चारच आली तर २५०, मग बाटली आणूच नये. पावतीचे पैसे मी कुठेच धरले नाहीत, कारण तालुक्याला गेले तरी आणि इथे टोचले तरी ते सारखेच.

काही पालक म्हणतात, मांजर चावले तर माणसाची सुई सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मग मांजरावर कशाला खर्च? ती फुकट मिळते हे खरे आहे, आणि ती घेतलीच पाहिजे. पण ती एकदाच घेऊन भागत नाही. पहिल्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी, अशा चार फेऱ्या असतात. दंडात खोल देतात तेव्हा चौदाव्या दिवशीची आणखी एक असते. आईचे चार रोज बुडाले तर १२०० रुपये झाले. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळे औषध टोचतात. आणि मांजराला सुई दिलेली असली तरी ते चावल्यावर डॉक्टरांकडे जायचेच. त्याआधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची. चुना, हळद, मिरची यांतले काही लावायचे नाही. आमच्या शेजारी चुन्याची डबी त्यासाठीच वेगळी ठेवलेली होती, ती गुरुजींनी काढायला लावली.

आमच्या मनीचे नाव यादीत पहिले आहे. ती मक्याच्या कणग्यांजवळ रात्रभर बसते आणि पहाटे माझ्या गोधडीत शिरते. वस्तीवर मी मोजली तर मांजरे ६ आणि पाळीव कुत्री ५, एकूण ११ आहेत. आजपर्यंत नावे पाचच आली आहेत, तीन मांजरे आणि दोन कुत्री. ज्यांना नाव द्यायचे त्यांनी दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे द्यावे. डॉक्टरांची तारीख ठरली की बाहेरच्या फळ्यावर लिहू. आजीने शेजारच्या तिघींना विचारले आहे. त्या "बघू" म्हणाल्या. "बघू" मी यादीत धरलेले नाही.

(इयत्ता ४ थी)