उत्साहाला प्रशिक्षणाची जोड

निसर्गाविषयी प्रेम वाटणे ही एक गोष्ट आणि निसर्गाचे रक्षण करता येणे ही दुसरी. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात कलम ५१-अ समाविष्ट झाले आणि वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांच्यासह नैसर्गिक पर्यावरणाचे संरक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. कर्तव्य सर्वांना सांगितले गेले. ते पार कसे पाडावे, हे मात्र शिकावे लागते. अप्रशिक्षित माणसाची सदिच्छा कधी कधी निसर्गाला उपद्रवकारकही ठरते. सागरी कासवांच्या संरक्षणासाठी आपल्या देशात स्वयंसेवक कसे घडविले जातात, हे पाहिले की या विधानाची सत्यता पटते.

चेन्नईच्या किनाऱ्यावरील परंपरा

भारताच्या किनाऱ्यांवर अंडी घालण्यासाठी येणाऱ्या सागरी कासवांमध्ये ऑलिव्ह रिडले जातीची कासवे संख्येने सर्वाधिक आहेत. ओडिशातील गहीरमाथा व ऋषिकुल्या येथे ती हजारोंच्या, कधी लाखोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. अन्यत्र मात्र एकेकटी मादी रात्री वाळूवर येते, अंडी घालते आणि समुद्रात परतते. चेन्नईचा किनारा हा असाच विखुरलेल्या घरट्यांचा प्रदेश आहे.

या किनाऱ्यावर रात्री पायी फिरून घरटी शोधण्याचे काम १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रोम्युलस व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले. पुढे काही वर्षे शासकीय यंत्रणांनी ते चालविले. १९८८ पासून ‘स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क’ या विद्यार्थ्यांच्या गटाने ही जबाबदारी खांद्यावर घेतली. जानेवारी ते मार्च-एप्रिल या हंगामात हे स्वयंसेवक मध्यरात्रीनंतर किनारा पायी पालथा घालतात. श्वान, अंडीचोर आणि महानगराचे झगझगीत दिवे यांपासून धोका असलेली अंडी ते वनविभागाच्या परवानगीने कुंपण घातलेल्या संरक्षित जागेत हलवितात. ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे अशी परवानगी अनिवार्य आहे. नियम समजून घेणे हा म्हणूनच प्रशिक्षणाचा पहिला धडा होय.

हात लावण्यापूर्वी शिकावयाच्या गोष्टी

नवा स्वयंसेवक प्रथम वाळू वाचावयास शिकतो. ऑलिव्ह रिडले मादी डावे-उजवे वल्हे आळीपाळीने टाकीत चालते. त्यामुळे तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर न येता मागेपुढे पडतात. हिरवे कासव दोन्ही वल्ही एकदम टाकते व त्याचे ठसे समोरासमोर उमटतात. ठशांवरून जात ओळखावयाची, मादी अंडी घालून परतली की तशीच माघारी गेली हे ताडावयाचे आणि मग काठीने हळुवार चाचपणी करून भुसभुशीत वाळूखालचा खड्डा शोधावयाचा, असा हा क्रम असतो. काठी जोराने खुपसली तर अंडी फुटतात. म्हणून ही चाचपणी अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिकविली जाते.

सुमारे दीड फूट खोल घरट्यात साधारणतः शंभरच्या आसपास अंडी असतात. कोंबडी उबविताना आपली अंडी वारंवार फिरविते, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. कासवाच्या अंड्याचा प्रकार नेमका उलट आहे. अंडे घातल्यानंतर काही तासांतच त्यातील गर्भ वरच्या बाजूस आतील आवरणाला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले किंवा हिसका बसला, तर गर्भ दगावतो. बाहेरून अंडे अखंड दिसते आणि हलविणाऱ्यास आपण एक जीव वाचविला असे समाधान वाटत राहते. म्हणूनच घरटे वेळेत हलविणे, अंडी हलक्या हाताने व न फिरविता उचलणे आणि नव्या जागी मूळ घरट्याच्याच खोलीचा व सुरईच्या आकाराचा खड्डा करणे, या गोष्टींबाबत कोणतीही सवलत नसते.

खोलीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर अवलंबून असते. साधारणपणे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोहोंचे प्रमाण समान राहते. वाळू अधिक तापली तर माद्या आणि थंड राहिली तर नर अधिक जन्मतात. उथळ खड्डा खणणारा अननुभवी हात अशा रीतीने नकळत एका पिढीचा तोल बिघडवू शकतो.

सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. येथेही दयाबुद्धीला आवर घालावा लागतो. पिल्ले उचलून थेट पाण्यात सोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु वाळूवरून स्वतः चालत समुद्र गाठणे हा त्यांच्या नैसर्गिक जीवनक्रमाचा भाग आहे. पिल्ले उजेडाच्या रोखाने जातात. म्हणून विजेऱ्या व कॅमेऱ्यांचे झोत बंद ठेवणे, पाहणाऱ्यांना मागे उभे करणे आणि वाट मोकळी ठेवणे, एवढेच स्वयंसेवकाचे काम असते.

नोंदवहीचे मोल

प्रत्येक घरट्याची तारीख, वेळ, ठिकाण, खोली, अंड्यांची संख्या आणि बाहेर आलेल्या पिल्लांची संख्या यांची नोंद ठेवणे हा प्रशिक्षणाचा अविभाज्य भाग आहे. बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एका रात्रीची नोंद क्षुल्लक वाटते. अनेक वर्षांच्या नोंदी मात्र किनाऱ्याचा ताळेबंद मांडतात. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई व परिसराच्या किनाऱ्यावर शेकडो मृत कासवे वाहून आली. मासेमारीच्या ट्रॉल जाळ्यांत अडकलेल्या कासवांना श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येता येत नाही व ती गुदमरून मरतात. अशा प्रसंगी किनाऱ्यावर नियमित फिरणाऱ्यांनी केलेली मोजणी हाच शासनापुढे व न्यायसंस्थेपुढे ठेवता येण्याजोगा पुरावा ठरतो.

स्वयंसेवी कार्याची एक मोठी अडचणही प्रशिक्षणामुळेच दूर होते. विद्यार्थी शिक्षण संपवून निघून जातात आणि दरवर्षी नवे चेहरे येतात. बदली झालेला अधिकारी आपल्या जागी येणाऱ्याकडे पदभार सोपवितो, त्याचप्रमाणे जुना स्वयंसेवक नव्यास सोबत घेऊन चालतो व आपले ज्ञान सुपूर्द करतो. साडेतीन दशकांहून अधिक काळ हे काम अखंड चालू राहण्याचे रहस्य त्यातच आहे.

किनाऱ्यावरून गावात

हाच मार्ग महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे वेगळ्या रीतीने चोखाळला गेला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये तेथे कासव संवर्धनास प्रारंभ केला. येथे स्वयंसेवक बाहेरून आणण्याऐवजी गावातील तरुणच ‘कासवमित्र’ म्हणून तयार झाले. २००६ पासून भरू लागलेल्या कासव महोत्सवामुळे पर्यटक येऊ लागले. गावकऱ्यांच्या घरीच त्यांच्या निवास-भोजनाची सोय होऊ लागली आणि घरट्याच्या रक्षणाशी गावाचे उत्पन्न जोडले गेले. पिल्ले पाहण्यास आलेल्या बालकाला कासवमित्र जे समजावून सांगतो, ते पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक काळ स्मरणात राहते. रक्षण आणि पर्यावरण शिक्षण ही येथे दोन स्वतंत्र कामे उरत नाहीत.

दीर्घ मुदतीची ठेव

समुद्रात गेलेल्या सुमारे हजार पिल्लांपैकी एखादेच प्रौढ होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आणि त्यासही दहा-पंधरा वर्षे लागतात. आज रात्र जागविणाऱ्या स्वयंसेवकास आपल्या श्रमांचे फळ लगेच दिसत नाही. ही खऱ्या अर्थाने दीर्घ मुदतीची ठेव आहे. परतावा उशिरा मिळणार असेल, तर आरंभीची चूकही उशिराच उमगते. म्हणून प्रत्येक कृती प्रथमपासूनच अचूक असावी लागते.

कासव हे येथे केवळ उदाहरण आहे. पक्षिगणना असो, वणवा विझविणे असो वा जखमी वन्यप्राण्यास साहाय्य असो, तत्त्व तेच आहे. आपल्या परिसरातील अशा कार्यात सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम स्थानिक वनविभागाकडे किंवा अनुभवी संस्थेकडे जावे, काही काळ केवळ निरीक्षण करावे, नोंदी ठेवण्यास शिकावे आणि मगच हात पुढे करावा. हात केव्हा लावावयाचा नाही, हे ज्यास उमगले, तोच निसर्गाचा विश्वासू सेवक होऊ शकतो.