सहस्रकुंड आणि पैनगंगेचे अरण्य

अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पैनगंगा, दूरचा मुलूख ओलांडून नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरजवळ येते आणि काळ्याकभिन्न कातळावरून अनेक धारांनी खोल घळीत झेपावते, ते स्थळ म्हणजे सहस्रकुंड. एके काळी या प्रवाहाच्या एका तीरावर निजामाचा अंमल, तर दुसऱ्या तीरावर इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड होते. इस्लापूर ज्यात येते तो किनवट तालुका तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या जुन्या सरहद्दीच्या आसमंतात, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत, आज सुमारे 325 चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य आहे. बिबट्या, अस्वल, नीलगाय यांचे ते हक्काचे घर. वनखात्याच्या परवानगीने पायवाटेवर चालताना सागाचे कोवळे पान बोटांत चुरडून पाहावे, बोटे तांबडी होतात. याच सागाला श्रावण-भाद्रपदात शुभ्र तुरे येतात. मराठवाडा म्हणजे केवळ अवर्षण, ही समजूत येथे सहज गळून पडते, आणि ती पडावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. पावसाळा ओसरू लागताच, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गाने सहस्रकुंडाला जावे. मात्र शेवाळलेल्या कातळाच्या कडेशी जाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण वरच्या अंगाला पाऊस झाला की येथील पाणी पाहता पाहता चढते.