शुक्रवारची सुट्टी आणि पोहण्याचा हुनर

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. आठवडाभर बारा-बारा तास लूमचा खडखडाट ऐकणाऱ्या कारागिराला हा एकच दिवस मोकळा मिळतो. नमाज झाली, जेवण झाले की जवान पोरे टोळीने बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात त्यांची वाट हमखास पाण्याकडे जाते. गिरणा-मोसमचे डोह, बंधारे, विहिरी, शेततळी, दगडाच्या जुन्या खाणी, जेथे पाणी दिसेल तेथे.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. ज्या लूमवरचा कारागीर शनिवारी परत येत नाही त्या लूमच्या मालकाला हे विचारावे. ज्या घरात तोच एक कमावता हात होता, त्या घराला विचारावे.

मे २०१६ मधील गोष्ट आहे. मी टेंपोत माल घेऊन गावाकडे परतत होतो. रस्त्यालगतच्या बंधाऱ्यावर गर्दी दिसली म्हणून थांबलो. सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा काठापासून पंधरा-वीस फुटांवर होता. कुठल्याशा कारखान्यात कांडी भरायचे काम करीत होता, असे नंतर कळले. तो ओरडत नव्हता, हात हलवून बोलावीतही नव्हता. तोंड वर करून नुसता पाणी खाली दाबत होता. आम्हाला वाटले खेळतो आहे. त्याच्या मित्राने उडी मारली, तर त्याने मित्राच्या गळ्याला मिठी घातली. मित्र कसाबसा सुटून बाहेर आला. पोरगा आला नाही.

टेंपोत सुती कापडाचे तीस तागे होते. आम्ही पाच माणसे काठावर उभी होतो, त्यांपैकी तिघे कापडाच्या धंद्यातले. एकालाही तागा उलगडून फेकण्याचे सुचले नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर चार तरुण बुडू लागले. तेथे असलेल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून बाहेर काढले. दोघे मात्र गेले. ही बातमी वाचली तेव्हा माझे तीस तागे मला पुन्हा आठवले.

काठावरच्या माणसाने काय करावे

बुडणारा माणूस बहुधा गुपचूप बुडतो. श्वास घ्यायलाच वेळ मिळत नाही तेथे हाक कशी मारणार? असा माणूस मिनिटभरही वर टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून जो गप्प आहे, ज्याचे डोके मागे झुकले आहे आणि जो पुढे सरकत नाही, तो धोक्यात आहे असे समजावे.

जीव वाचवण्याचे शिक्षण नसेल तर उडी मारू नये. बुडणारा जे हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोन जनाजे उठतात. काठावरूनच काठी, बांबू, दोर किंवा कापड द्यावे. कापड असेल तर आपल्या धंद्यातली एक गोष्ट कामाला येते. सुती कापड ओले झाले की कमजोर होत नाही, उलट थोडे मजबूत होते. रेयॉनची ताकद मात्र भिजल्यावर निम्म्याच्या आसपास उतरते. साडी साधारण साडेपाच मीटरची असते. कमी पडली तर दोन साड्यांना पक्की गाठ मारावी. टोकाला चप्पल किंवा पाण्याची अर्धी भरलेली बाटली बांधली म्हणजे कापड लांब जाते. ओढताना काठावर पालथे झोपावे, नाहीतर आपणच आत ओढले जाऊ. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅनही माणसाचे तोंड पाण्यावर ठेवायला पुरतो.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, हे सारे चुकीचे आहे. त्यात वेळ जातो आणि त्याला पाहिजे असतो तो श्वास. तो श्वास घेत नसेल तर उताणा झोपवून हनुवटी वर करावी, नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाबावे आणि २ श्वास द्यावेत. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे.

हुनर क्रमाने येतो

त्या घटनेनंतर पुढच्याच वर्षी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी एका तरणतलावात नाव घातले. शिकवणारा कोळी समाजातला तरुण होता. पहिल्या दिवशी मी हातपाय जोरात मारू लागलो तेव्हा तो म्हणाला, "चाचा, तुमच्या लूमवर नवा पोरगा आला तर पहिल्या दिवशीच त्याच्या हाती चार लूम देता का?" त्याचे म्हणणे बरोबर होते. आपणही आधी कांडी भरायला शिकवतो, मग तुटलेला धागा जोडायला, आणि मग लूम देतो.

पाण्यातला क्रम असा आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तोंड पाण्यात घालावे व श्वास बाहेर सोडावा. तोंडाने घ्यायचा, पाण्यात नाकातोंडाने सोडायचा. नवशिक्या दमतो तो श्वास रोखल्यामुळे. हे जमले की तरंगणे. उताणे व्हावे, कान पाण्यात बुडू द्यावेत, पोट वर उचलावे, छातीत हवा भरून ठेवावी. छाती भरलेली असली की बहुतेकांना पाणी उचलून धरते. भीतीने डोके वर उचलले की पाय खाली जातात, हे मी आठ दिवस करून पाहिले आहे. त्यानंतर काठाला पायाने रेटा देऊन सरळ सरकणे, मग मांडीपासून पाय मारणे आणि सर्वांत शेवटी हात. दमल्यावर पुन्हा उताणे होऊन दम खाता आला म्हणजे माणूस शिकला.

आपल्याकडे विहिरीत शिकवताना कमरेला सुका भोपळा बांधण्याची रीत होती. रीत वाईट नाही, पण दोर तपासावा आणि पोहणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर असावा. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा मचाण बांधून मुलांना शिकवतात. तेथे २५ मीटर पोहता आले आणि ३० सेकंद तरंगता आले म्हणजे मूल पास. हा हिशेब आपणही धरायला हरकत नाही.

कपड्याबद्दल एक गैरसमज आहे. ओले कपडे माणसाला तळाशी ओढतात असे लोक म्हणतात. खरे तर पाण्यात असताना त्यांचे वजन फारसे जाणवत नाही. ते हातापायांना अडवतात. लुंगी पायांत गुंडाळते, सैल पायजमा पाणी कापू देत नाही, आणि बाहेर चढताना भिजलेल्या सुती कापडाचे वजन एकदम अंगावर येते. म्हणून पोहण्यासाठी अंगासरशी पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा कपडा घालावा. तो पाणी फार कमी धरतो.

मालकांची जिम्मेदारी

आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. यातले बरेचसे टाळता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी फार मोठा खर्च नाही.

सायझिंग आणि रंगाईच्या कारखान्यांतील हौदांना झाकण व कुलूप असावे. घरात लहान मूल असेल तर भरलेली बादलीसुद्धा उघडी ठेवू नये. कारागिरांना गुरुवारी पगार देताना चार शब्द सांगावेत की एकट्याने पाण्यात जाऊ नका, खोली माहीत नसेल तेथे सूर मारू नका, खाणीच्या पाण्यात एका पावलावर तळ सुटतो, धरणाखाली पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसतो. चार-पाच मालकांनी मिळून उन्हाळ्यात एखाद्या तरणतलावात शिकाऊ पोरांची महिनाभराची फी भरली तर ती एका ताग्याच्या नुकसानीपेक्षा फार मोठी होणार नाही.

माझ्याकडे आता नवा पोरगा कामाला लागला की मी नाव आणि गाव विचारतो, त्याबरोबर पोहता येते का तेही विचारतो. बहुतेक पोरे हो म्हणतात. मग मी विचारतो, उताणे होऊन तीस सेकंद तरंगता येते का? त्यावर बहुतेक गप्प होतात. आणि टेंपोत सीटखाली आठ मीटर सुती कापड गाठ मारून ठेवलेले असते. अजून ते उलगडायची वेळ आलेली नाही. येऊ नये. पण ते तेथे असते.