आधी सप्लाय तपासा

बहारीनमधल्या मनामातला सीफ हा समुद्रात भर घालून उभा केलेला भाग. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा दमट असते आणि मॉल-टॉवरांचे एसी रात्रंदिवस चालतात. अशा एसीमागचा, पंपामागचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड अधूनमधून हँग होऊ लागला, की खापर फुटतं ते उन्हावर नाहीतर फर्मवेअरवर. माझ्या मते पहिला संशय सप्लायवर घ्यायला हवा. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. उष्णतेने बोर्डावरचा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर आधीच सुकत आलेला असेल, तर तो धक्का थेट चिपपर्यंत पोहोचतो. म्हणजे ऊन दोषी असलंच तर ते या वाटेने.

अ‍ॅटमेगा ३२८पी ही ओळखीची चिप घ्या. १६ मेगाहर्ट्झवर तिला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात. कारखान्यातून येताना तिचं ब्राउन-आउट संरक्षण बंद असतं. अर्दुइनो उनोवर ते २.७ व्होल्टला लावलेलं असतं. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात चिप रीसेट होत नाही, पण चुकीच्या सूचना चालवू शकते. बूटलोडर असलेल्या चिपमध्ये फ्लॅशवर लिहिणारा कोड आतच असतो. भरकटलेला प्रोसेसर तिथे पोहोचला, तर प्रोग्रामच खराब होतो. मग वॉचडॉग कितीदाही रीसेट देवो, चालू होतो तो बिघडलेलाच कोड.

प्रोग्रामिंगनंतर व्हेरिफाय बरोबर आलं होतं, असं यावर सांगितलं जातं. ते खरंच असतं, पण टेबलावरच्या स्थिर पाच व्होल्टवर, त्या घटकेपुरतं. रीसेटचं कारण नोंदवणाऱ्या रजिस्टरमध्ये ब्राउन-आउट दिसत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण संरक्षणच बंद असेल तर ती खूण उमटणार कुठून? शिवाय काही बूटलोडर हे रजिस्टर आपला प्रोग्राम सुरू व्हायच्या आतच पुसतात. मल्टिमीटरही इथे कामाचा नाही. काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही. स्कोपचा प्रोब चिपच्या पायांवरच लावावा, ट्रिगर उतरत्या कडेवर चार व्होल्टला ठेवून सिंगल शॉट घ्यावा आणि कॉम्प्रेसर सुरू होऊ द्यावा. घसरण पकडली गेली, तर कॅपॅसिटर बदलावा, ब्राउन-आउट ४.३ व्होल्टवर न्यावं आणि जागेवर अपडेट करायचं नसेल तर लॉक बिट्सनी फ्लॅशचं लेखन बंद करावं. कॉम्प्रेसर वारंवार सुरू करूनही रेषा सपाट राहिली, तर मात्र स्टॅक आणि इंटरप्ट तपासायला बसावं.